वरचा एक खांब

फुलवंता : सन एकोणीसशे एकोणऐंशी, माघ महिना. हेमकांतचं बारसं. तुझ्या आईने माझ्या हातची टोपी साऱ्या बायांसमोर ओसरीवर बसून उसवली. आणि आज, दोन हजार तेवीसमध्ये, तिचीच लेक माझ्या दारात येऊन म्हणते, फुई, टोपी शिकवा.

नूतन : टोपी मी करून आणलीय. फक्त कडेची पट्टी शिकवा. ती उभ्या रेघांची. त्या पट्टीशिवाय टोपी डोक्यावर राहत नाही.

फुलवंता : शिकवा! लहानपणी ‘फुई, माले बोरं दे’ म्हणत मांडीवर चढायचीस. आता शिकवा.

नूतन : पंधरा वर्षांनी आलेय. तू म्हणायचा हक्क राहिलाय की नाही, माहीत नव्हतं.

फुलवंता : नही ऱ्हायना. तुम्हीच बरं. आणि इथे शहाद्याच्या बाजारात ढिगाने टोप्या मिळतात. घे एखादी आणि जा.

नूतन : विकतची चालली असती तर मी अक्कलकुव्याहून दोन गाड्या बदलून इथे कशाला आले असते?

फुलवंता : तेच विचारतेय. कसाले वनी?

नूतन : सोमवारी हेमकांतचा फोन आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, मुलगी झाली, तू तिची फुई, सख्खी आत्या आहेस, रविवारी बारसं आहे, प्रकाशाला, आपल्या गावी ये. मी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला. फुई म्हणून यायचं असेल तर हातची टोपी घेऊन ये म्हणावं. नाहीतर नाव ठेवायला सुनेची बहीण आहे.

फुलवंता : सिंधूला ठाऊक आहे तुला क्रोशाची सुई धरता येत नाही.

नूतन : म्हणूनच म्हणाली.

फुलवंता : दवाखान्यात सिस्टर आहेस म्हणे. लोकांना सुया टोचायच्या आणि स्वतःच्या भाचीसाठी सुई चालवता येत नाही.

नूतन : साखळी शिकले, खांब शिकले. आमच्या उपकेंद्रात फरशी पुसायला धनुबाई येतात, त्यांनी शिकवलं. तीन दिवसांत चार टोप्या केल्या. चारही बाहुलीला घातल्या की नाकावर येतात. धनुबाई म्हणाल्या, कडेला उठावाची पट्टी हवी, ती मला येत नाही.

फुलवंता : मग कोणाला येते?

नूतन : तुम्हाला. सगळ्या तालुक्याला माहीत आहे. माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं का?

फुलवंता : हो. तुझ्या आईच्या लेकीच्या तोंडून ऐकायचं होतं. पण शिकवणार नाही. माझी वंदना आठवते का तुला?

नूतन : आठवते.

फुलवंता : सन दोन हजार आठ, वैशाख. सुपारी फुटली होती. लासूरचे पाहुणे, घरची केळी, मुलगा इंजिनिअर. साड्यांना फॉल लावून झाले होते. आणि तू उठलीस आणि पोस्टातल्या जामसिंग वसावेबरोबर नंदुरबारला जाऊन कागदावर सही करून आलीस. आठव्या दिवशी लासूरहून निरोप आला. ज्यांची भाची जातीबाहेर गेली, त्यांची पोर आम्हाला नको.

नूतन : मोडलं लासूरवाल्यांनी. मी नाही.

फुलवंता : तुझ्यापायी मोडलं!

नूतन : आणि मला काय मिळालं? आबा गेले तेव्हा तुमचाच निरोप होता ना, नूतनला घाटावर येऊ देऊ नका? मी तापीच्या पुलावर उभी राहून माझ्या बापाचा धूर पाहिला, फुई. ट्रकवाले हॉर्न मारत होते, बाजूला हो म्हणून.

फुलवंता : गिरधर माझा भाऊ होता. माझ्या भावाला तुझ्यामुळे किती ऐकून घ्यावं लागलं, ते मी पाहिलंय.

नूतन : ठीक आहे. जाते मी.

फुलवंता : थांब. दोरा दाखव. हा कोणता रंग?

नूतन : पिवळा. हळदीचा.

फुलवंता : आमच्या वेळी पांढरा आणि गुलाबी, दोनच रंग. दोरा ठेवणारं दुकानही एकच. लडी घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारायचा, किसके घर हुआ? आम्ही बहिणी-बहिणी लाजून पळायचो... बठ. पाटावर नको, खाली बस. उजेडाकडे तोंड कर.

नूतन : शिकवताय?

फुलवंता : तोंड बंद, डोळे उघडे. कडेला साध्या खांबांचा एक फेरा घालून घे. एकसष्ट खांब.

नूतन : एकसष्ट?

फुलवंता : साठ आणि वरचा एक. अकरा, एकावन्न, एकसष्ट. बारशाच्या वस्तूला वरचा एक लागतो, एवढंही आईने शिकवलं नाही? शगुनाचं आहे.

नूतन : नाही, ते माहीत आहे. ठीक. एकसष्ट.

फुलवंता : आता देख. पुढच्या फेऱ्यात सुईवर दोरा घे. नेहमी खांबाच्या डोक्यात सुई घालतेस. आता डोक्याला हात लावायचा नाही. खांबाची कंबर धरायची. सुई पुढून आत घाल, खांबाच्या मागून फिरव, परत पुढे काढ. दोरा ओढ. आता दोन-दोन करून सोड.

नूतन : वर आला! उठून दिसतोय.

फुलवंता : त्यात नाचायला काय झालं? पुढचा खांब. आता सुई मागून. मागून आत, खांबाच्या पुढून वळसा, परत मागे. ओढ. सोड. हा दबला. एक पुढून, एक मागून. फेरा जोडायचा नाही, गोल गोल चालू ठेवायचं. पाच फेरे.

नूतन : एक पुढून, एक मागून.

फुलवंता : हात आवळू नकोस. दोरा आहे, पेशंट नाही. झालं, कळलं. दोन वाजताची गाडी आहे तळोद्याला. माझ्याकडे तुला जेवायला नाही.

नूतन : मी मागितलंही नाही.

*

फुलवंता : शनिवारी सकाळी सकाळी कोण कडी वाजवतंय? तू? उद्या बारसं ना तुझ्या भाचीचं?

नूतन : हे पाहा.

फुलवंता : काय पाहू?

नूतन : पट्टी. रेघा आहेत का कुठे? नुसते चौकोन, सुपासारखे विणलेले. ताणलं तर ताणत नाही, सोडलं तर धरत नाही. टोपी अजून नाकावरच येते. मला वाटलं माझाच हात चुकला. उसवून परत केली, तेच. काल एसटीत बसून परत केली, तेच. मग मोजत बसले. एकसष्ट विषम आहे, फुई. एक पुढून, एक मागून करत फेरा संपतो, आणि दुसऱ्या फेऱ्यात उठलेल्या खांबावर दबलेला येतो. रेघ तयारच होत नाही. साठ हवे होते.

फुलवंता : बरं.

नूतन : बरं काय? तुम्हाला माहीत होतं.

फुलवंता : माहीत होतं.

नूतन : मुद्दाम सांगितलंत.

फुलवंता : हो, मुद्दाम. उद्या साऱ्या बायांसमोर ती टोपी पोरीच्या नाकावर यावी, आणि तुझ्या आईने ती उसवावी. मग तुला कळलं असतं, कसं वाटतं. तिलाही कळलं असतं, तिच्या घरातलंही उसवतं म्हणून. झालं समाधान?

नूतन : त्या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय? तेरा दिवसांची आहे.

फुलवंता : हेमकांतही तेव्हा बारा दिवसांचा होता. त्याच्या टोपीसाठी मी तीन रात्री चिमणीच्या उजेडात डोळे फोडले होते. तुझी आई मला म्हणाली का, फुलवंता, ही सैल होतेय, बघ ना जरा? एका शब्दाने विचारलं का? टोक धरलं आणि भर्रकन ओढलं. बाया हसल्या. ‘फुईने पोराला गुदमरवायला आणलीय.’ हे ती म्हणाली. चव्वेचाळीस वर्षं झाली. एक अक्षर विसरले नाही.

नूतन : सैल होती का?

फुलवंता : काय?

नूतन : ती टोपी. खरंच सैल होती का?

फुलवंता : ...होती.

नूतन : किती खांब घेतले होते?

फुलवंता : तुझ्या जिभेला हाड नाही, अगदी सिंधूसारखी.

नूतन : किती, फुई?

फुलवंता : एकसष्ट. शगुनाचा वरचा एक. तेव्हा मलाही वाटलं होतं, बारशाचं आहे, नुसते साठ कसे घ्यायचे? चूक कळायला मला दोन वर्षं लागली. कोणी सांगणारं नव्हतं. करायचं, उसवायचं, करायचं, उसवायचं. कळलं त्या दिवशी कोणाला जाऊन सांगू? ज्या घरात सांगायचं, तिथे पाऊल टाकणार नाही म्हणून शपथ घेऊन बसले होते.

नूतन : म्हणजे तुमची चूक तुम्ही मला वारसा म्हणून दिलीत.

फुलवंता : हो. आणि तू ती दोन दिवसांत पकडलीस. आता काय, जाऊन आईला सांगशील? फुलवंताने दगा दिला म्हणून?

नूतन : नाही. मला उद्या त्या घरात जायचंय. तुमचं आणि आईचं काय ते तुम्ही बघा. माझ्या हातात आजचा एक दिवस आहे. साठ खांब घेऊन मी घरी करू शकले असते, आता मला समजलंय. पण या वेळी तुमच्यासमोर करणार. चुकलं तर तोंडावर सांगा. मागून वार नको.

फुलवंता : मोठी आली हुकूम सोडणारी.

नूतन : सुई कुठे ठेवलीत?

(नूतन टोपीची कड भर्रकन उसवते. दोरा तिच्या मांडीवर जमत जातो. फुलवंता आधी तोंड फिरवते, मग दोरा गुंतू नये म्हणून दुसरं टोक बोटाला गुंडाळायला लागते.)

फुलवंता : मोज. मोठ्याने मोज.

नूतन : अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

फुलवंता : आणि बोटं का सुजलीत?

नूतन : काल उपकेंद्रात लसीकरण होतं. सत्तर पोरं.

फुलवंता : पुढून घे. अगं पुढून! तिसरा खांब बघ, त्याची कंबर सोडून तू शेजारच्याची धरलीस. अशी कशी ग तू आंधळी? हं. आता खांब मोजू नकोस, तोंड बघ. जो उठलाय त्याला पुढूनच धर. जो दबलाय त्याला मागून. बघ, रेघ चढायला लागली.

नूतन : ताणून पाहू?

फुलवंता : पाच फेरे होऊ दे. घाई बापाची. पाच झाले की ताण.

नूतन : जाऊ का मग मी? दोनची गाडी...

फुलवंता : चार फेऱ्यांवर सोडून कुठे निघालीस? चारची गाडीही असते. भाकरी टाकते, खायची तर खा. उपाशी हाताने केलेलं सैल पडतं.

*

नूतन : फुई, आहेस का घरात?

फुलवंता : आवाज ओळखला. तोंड दिसत नाही नीट. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा कार्तिकात काढायचाय. आज कोणता वार?

नूतन : मंगळवार. आई गेली त्याला आज दोन महिने झाले. निरोप पाठवला होता मी. आली नाहीस.

फुलवंता : चव्वेचाळीस आणि दोन, शेहेचाळीस वर्षं जिच्याशी बोलले नाही, तिच्या दारात जाऊन गळा काढू? रडू आलं नसतं तर लोक हसले असते. आलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

नूतन : यावेळी मी घाटावर होते. हेमकांतने स्वतः गाडी पाठवली.

फुलवंता : ऐकलं. बारशाचंही ऐकलं, पण चार बायांकडून चार तऱ्हेचं. तू तर त्यानंतर दोन वर्षं फिरकली नाहीस.

नूतन : तू तरी कुठे बोलावलंस?

फुलवंता : सांग आता. टोपीचं काय झालं?

नूतन : आईने हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. कडेत दोन बोटं घालून ताणली आणि सोडली. पट्टी आपल्या जागी आली. परत ताणली. मग विचारलं, कोणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं.

फुलवंता : मग?

नूतन : आई म्हणाली, ‘मग बरोबर असणार.’ आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी कानात नाव सांगितलं. उर्वी.

फुलवंता : मग बरोबर असणार, म्हणाली. एवढंच?

नूतन : एवढंच. तिच्या मानाने पुष्कळ होतं.

फुलवंता : हं. आणि तुझा नवरा? आत घेतात का?

नूतन : जामसिंग ओसरीपर्यंत येतो. आत अजून नाही. पण हेमकांत आपलं ताट उचलून बाहेर आणतो आणि त्याच्याजवळ बसून जेवतो. उर्वी दोघांच्या ताटातलं खाते. माझी बदली आता खापरला झालीय. महिन्यातून एकदा जातो आम्ही प्रकाशाला.

फुलवंता : चला, तुझं सगळं बसलं जागेवर. माझ्या वंदनाचं तेवढं राहिलं.

नूतन : वंदनाचं काय राहिलं? सुरतेला शाळा चालवते, दोन मुली आहेत, नवरा माणूस चांगला आहे. लासूरचं मोडलं ते बरं झालं, असं ती स्वतःच म्हणते.

फुलवंता : तुला कोणी सांगितलं?

नूतन : तिनेच. ती फोन करते मला.

फुलवंता : कधीपासून?

नूतन : माझं लग्न झालं त्याच वर्षापासून. दर रविवारी.

फुलवंता : दर रविवारी.

नूतन : तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.

फुलवंता : मला ती दिवाळीला करते. आणि माझ्या वाढदिवसाला. वाढदिवसाला कधीकधी विसरते.

नूतन : फुई...

फुलवंता : किती वाजता करते?

नूतन : चारच्या सुमाराला. मुली क्लासला गेल्या की.

फुलवंता : मग रविवारी चारच्या आधी इथे येऊन बस. थोडा दोरा घेऊन ये बरोबर. कोणी विचारलं तर सांगू, शिकायला येते म्हणून.