हात लावायचा नाही!

...नाही, पण मला एक सांगा, माणसं बरी करायची जागा ती, तिथं एवढा गारठा करून ठेवायचा कशाला? आत अतिदक्षता विभागात दात वाजतायत, बाहेर नातेवाइकांच्या बाकड्यांवर दात वाजतायत, आमच्या मावशी, म्हणजे हिच्या मावशी, आमच्या बायकोच्या, अंगावर शाल, डोक्याला शाल, आणि वर मलाच विचारतायत, “तुम्ही शिकवायचात ना हो हे गार-गरमाचं? मग सांगा की त्यांना बंद करायला!” गार-गरमाचं! उभा जन्म मी कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकवलं, आणि घरच्यांच्या लेखी मी कोण, तर गार-गरमाचा मास्तर! बरं, जरा ऊब घ्यावी म्हणून मागच्या गल्लीत जावं, तर तिथं भिंतीवर एसीची खोकी ओळीनं टांगलेली, आणि त्यांतून असा गरम झोत येतो अंगावर की चष्म्याची काडी चटका देते. म्हणजे आतली ऊब उचलायची आणि गल्लीत नेऊन फेकायची! वा रे वा!

आणि ती डॉक्टरीणबाई. पोरगी चांगली होती हो, उगाच का बोला. पण रोज सकाळी दार ढकलून बाहेर यायची आणि म्हणायची काय? “काका, कालच्यापेक्षा थोडं बरं.” झालं! बाकड्यावर लगेच सुस्कारे, मावशींचे डोळे भरलेले, मेहुण्याचे फोन सुरू... मी आपला पुढे होऊन विचारायचो, “काल किती होतं?” तर म्हणाली, “परवापेक्षा जरा कमी.” “आणि परवा?” “काका, तुम्ही चहा घेतलात का?” एक दिवस म्हणाली, “आज स्टेबल आहेत.” अहो, टेबलही स्टेबल असतं! मोजता कुठून, शून्य कुठं धरलंय, ते तर सांगा!

आणि तुम्हाला सांगतो, तिथंच, त्या बाकड्यावर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पोरगी मला माझाच धडा शिकवत होती! आंतरिक ऊर्जा! आता तोंडं वाकडी करू नका, सोपं आहे. हा पाण्याचा पेला घ्या. आतले कण धावतायत, थरथरतायत, एकमेकांना धरतायत, सोडतायत... हे जे सगळं आतल्या आत चाललेलं असतं ना, ती त्या पाण्याची आंतरिक ऊर्जा. पेला माडीवर न्या, आगगाडीत ठेवा, डोक्यावर घेऊन नाचा, तिला ढिम्म फरक पडत नाही. ती आतली गोष्ट. आणि दर वर्षी वर्गात एक तरी हात वर यायचाच, “सर, पण ह्या पेल्यात एकूण किती आहे?” आणि दर वर्षी मी मोठ्या ऐटीत सांगायचो, “आत किती आहे ते सांगता येत नाही. फरक तेवढा कळतो.” मुलं चिडायची. मला गंमत वाटायची. आता मी काचेच्या बाहेर, बायको काचेच्या आत, नाकात नळ्या, आणि मी चिडलेला... आत किती आहे, सांगा ना कुणीतरी!

बरं, भेटायला येणारा जो तो विचारणार काय? “पण झालं कसं?” अहो, कुंडीची फुटकी कड लागली हिच्या बोटाला. एवढीशी चीर. हिनं नळाखाली धरलं आणि पोळ्या... नाही, आधी झाडांना पाणी घातलं, मग स्वयंपाक केला. मग ताप आला. मग जंतू रक्तात गेले. संपलं! पण नाही. मावशी प्रत्येकाला पहिल्यापासून, “मी म्हटलं होतं ती कुंडी टाकून दे म्हणून, पण माझं ऐकतंय कोण!” मग दुसरा म्हणणार, “लगेच इंजेक्शन घ्यायला हवं होतं.” तिसरा म्हणणार, “आमच्या साडूंचं अस्संच झालं होतं.” त्या साडूंचं पुढं काय झालं ते मात्र सांगणार नाही! अरे बाबांनो, वस्तू एका स्थितीला पोचली की ती कुठल्या वाटेनं आली ह्याच्याशी स्थितीला काही कर्तव्य नसतं! हेही मी शिकवलंय. पण बाकड्यावर शास्त्र ऐकून घेतो कोण?

आणि मेहुणा! हिचा धाकटा भाऊ. तो शिबिरं घेतो. कसली? ऊर्जेची! कपड्यांना इस्त्री अशी की घडीनं बोट कापेल. आला तो थेट काचेपाशी गेला, दोन्ही तळवे काचेवर धरले, डोळे मिटले आणि श्वास सोडला, हूऽऽऽ! काचेवर वाफ धरली. मी म्हटलं, “काय चाललंय?” “भाऊजी, ताईला पॉझिटिव्ह एनर्जी पाठवतोय.” मी म्हटलं, “काचेतून?” तर म्हणतो, “भाऊजी, तिची इंटर्नल एनर्जी फार खाली गेलीय.” माझं टाळकंच सरकलं! अरे शहाण्या, ताईला ताप चढला होता तेव्हा तिची इंटर्नल एनर्जी चढलेलीच होती! अंग तापलं की ती वाढते, गार पडलं की कमी होते, तिला चांगलं-वाईट कळत नाही! “भाऊजी, तुम्ही फार बुद्धीनं जाता.” कशानं जाऊ? पायांनी? पण तोंडानं काही बोललो नाही, कारण मी पाहिलं, त्याचे डोळे मिटलेले होते ना, त्यांतून पाणी येत होतं. शिबिरवाला झाला तरी तिचा भाऊ तो.

आता मुद्दा ऐका. कॉलेजात मला मुलं काय म्हणायची माहितीय? “हात-नको सर”. का? तर प्रयोगशाळेत कॅलरीमीटर असतं. तांब्याचं भांडं, त्याला लोकर गुंडाळलेली, आत पाणी, पाण्यात थर्मामीटर. बाहेरची ऊब आत जाऊ नये, आतली बाहेर पडू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. आणि पोरं काय करणार? लोकर सरकवून ते उघडं भांडं दोन्ही हातांनी कुरवाळत उभी राहणार! की मी ओरडलोच, “हात लावायचा नाही! तुझ्या हाताची ऊब आत गेली! आता हे रीडिंग बाद!” कारण एकदा आत गेली ना, की ओळखता येत नाही हो. शेगडीवर ठेवून तापलं, घुसळून तापलं, का कुणी हातात धरलं म्हणून तापलं, पाण्याला विचारून कळत नाही. आत नुसती ऊर्जा. तिच्यावर कुणाचं नाव नसतं.

आणि बायको मिळाली कशी? तर सगळ्याला हात लावणारी! दूध कोमट झालं का, बोट बुडवणार. मला ताप आहे का, कपाळावर उलटा हात ठेवणार. मी थर्मामीटर पुढं केलं तर म्हणणार, “अहो, त्या काचेच्या काडीला काय कळतंय?” एकदा लग्नानंतर हौसेनं प्रयोगशाळा बघायला आली, आणि मी मुलांना सांगतोय, हात लावायचा नाही, तोवर हिनं उघड्या भांड्याला तळवा टेकवलासुद्धा! “अय्या, गार आहे की!” सगळा वर्ग हसला. त्या दिवसाचं रीडिंग बाद.

तर परवा... परवा डॉक्टरीणबाई बाहेर आली ती ‘कालच्यापेक्षा’ म्हणालीच नाही. म्हणाली, “काका, त्यांचे हातपाय गार पडलेत. रक्त टोकापर्यंत पोचत नाहीये. बीपी आम्ही औषधानं उचलून धरलंय. आता ते आपले आपण गरम व्हायला लागले, तर आपण सुटलो समजा. नाही झाले तर...” पण त्यातही मास्तर जात नाही बघा, मी ते दोन शब्द पकडून ठेवले. आपले आपण.

मग भेटायची वेळ झाली. एकानंच आत जायचं, मी गेलो. चादर गळ्यापर्यंत, आणि चादरीवर तिचा हात. मी बोट लावलं... अहो, तो हात नव्हता, प्रयोगशाळेतलं ते तांब्याचं भांडं होतं. मग मला काही सुचलंच नाही. मी तो हात धरला. दोन्ही हातांत धरला, चोळला, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, हूऽऽऽ, हो हो, मेहुण्यासारखीच! मग दुसरा हात. मग चादर वर करून पावलं चोळली, टाचा चोळल्या, माझे खांदे भरून आले तरी चोळतोय. धरून दिली ती उष्णता, चोळून दिलं ते शास्त्रातलं कार्य, दोन्ही वाटांनी आत घातली, जेवढी होती तेवढी घातली! सिस्टर म्हणाली, “काका, वेळ संपली,” तरी मी बोटं सोडेना.

आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई राउंडला आली. आली ती सरळ पलंगाशी, हिचा हात हातात घेतला... आणि तुम्हाला सांगतो, त्या पोरीचा चेहरा असा उजळला! “अरे वा! गरम लागतोय!” पाय बघितले. “पायसुद्धा! काका, अभिनंदन! सिस्टर, बीपीचं औषध जरा उतरवून बघू या.” काचेपलीकडे मेहुण्यानं ते तोंडावरून ओळखलं, त्यानं दोन्ही मुठी वर केल्या, मावशी रडायला लागल्या, शाली सुटल्या, लोक एकमेकांना मिठ्या मारतायत... आणि मी उभा. मला एकट्याला माहीत होतं. आत गेलेली ऊब माझी होती.

बोलू नये असं वाटलं हो. खरंच वाटलं. घटकाभर राहू दे ना सगळ्यांना आनंदात. कुणास ठाऊक, थोडी तिचीही असेल त्यात! पण सिस्टरचा हात त्या औषधाच्या यंत्राकडे गेला, आणि माझ्या तोंडून तेच निघालं जे जन्मभर निघत आलं. “थांबा! रीडिंग बाद आहे. मी हात लावला होता.”

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे बघितलं. हिचा हात हळूच चादरीवर ठेवला. म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, काका. मग थोडा वेळ त्यांना तशाच राहू देऊ. कोणी हात लावायचा नाही.” मलाच म्हणाली! मला! हात-नको सरांना!

मला तिथंच स्टुलावर बसू दिलं तिनं. आणि मी बसलो. स्वतःचे हात काखेत धरून बसलो, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. समोर तिचा हात, वीतभर अंतरावर. एकदा मला वाटलं बोटं हलली. जराशी उघडली, मागितल्यासारखी. हलली का नाही ते मला अजूनही सांगता येत नाही, पण मी धरली नाहीत. मी मनात म्हणत होतो, आपले आपण हो, बाई. एवढी वर्षं माझं रीडिंग बिघडवलंस, आज एक नीट येऊ दे. आत किती आहे ते सांगता येत नाही, फरक तेवढा कळतो... फरक दाखव की मला!

मग डॉक्टरीणबाई आली. हात बघितला. पाय बघितले. आणि कालच्यापेक्षा नाही, परवापेक्षा नाही, काहीच म्हणाली नाही. स्टूल उचलून पलंगाला अगदी खेटून ठेवलं आणि म्हणाली, “काका, आता हात धरून बसा. वेळेचं काही बंधन नाही.”

वेळेचं बंधन नाही! हे कधी म्हणतात ते कळायला थर्मोडायनॅमिक्स लागत नाही.

बसलो. धरला. उशाच्या यंत्राच्या पडद्यावरचे आकडे एकेक करून खाली आले, तोवर धरला आणि नंतरही धरला. शेवटी दोघांचे हात सारखेच लागायला लागले. माझा तिच्याइतका गार झाला का तिचा माझ्याइतका गरम, ते काही कळलं नाही. बाहेर आलो तर मेहुणा समोर. डोळे सुजलेले, शर्टाची इस्त्री मोडलेली. म्हणाला, “भाऊजी, एवढी एनर्जी आपण सगळ्यांनी दिली... गेली कुठं हो?” आणि पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही. प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, “अरे, ती संपत नसते. तिच्यातनं खोलीत गेली. खोलीतनं एसीनं उचलली. आणि गल्लीत टाकली.”

मग कागदांवर सह्या करायच्या त्या त्यानं केल्या, आणि मी मागच्या गल्लीत गेलो. त्या खोक्यांखाली उभा राहिलो. गरम झोत आला अंगावर. ह्यात शास्त्र काही नाही, मला माहीत आहे, त्यात अख्ख्या इमारतीची ऊब, शंभर माणसांची, दिव्यांची, यंत्रांची, तिच्यावर कुणाचं नाव नसतं... पण उभा राहिलो. आणि तळवा वर केला, टेकवावा म्हणून. तेवढ्यात मागनं वॉचमन ओरडला, “ओ काका! हात लावायचा नाही!”

म्हटलं, नाही लावत बाबा. सवय आहे मला.