पलीकडच्या काठाचा प्रश्न

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघी सख्ख्या बहिणी होत्या, एकाच नदीच्या दोन काठांवर दिलेल्या. दोघी सारख्याच हात खाजवत होत्या.

"ताई, काल टीव्हीवर तुमचे आमदार विधानसभेत नदीच्या घाण पाण्याबद्दल विचारत होते."

"हो ना. अख्खी गल्ली बघत बसली होती."

"पण सगळं तुमच्याच काठाचं. कारखाना आमच्याकडे काय गुलाबपाणी सोडतो?"

"अगं, ते आमच्या मतदारसंघाचंच विचारणार. तुमच्यानं तुमचं विचारावं."

"आमचा मागच्या बाकावर पेंगत होता, दाखवलं की! तुझं मेलं पहिल्यापासून नशीबच जोरावर. नवे कपडे तुला, जुने मला. सासर धडाचं तुला. आता तोंड उघडणारा आमदारही तुलाच."

"आणि मिळालं काय गं? मंत्री उठले, 'हे खरे नाही' म्हणाले आणि बसले."

"तुमच्या गावाचं नाव घेऊन म्हणाले?"

"हो, चांगलं नाव घेऊन."

"बघ! आमचं खोटं आहे, एवढंसुद्धा अजून कुणी उठून म्हणालं नाही."