मॅडम, डाउट आहे

जमलेल्या सगळ्यांना सलाम, नमस्कार. दाजी, मुकुंद सर, पालकहो, आणि माझ्या पोरींनो. हॉल भरलाय, जिन्यातही माणसं उभी आहेत. शैला असती तर म्हणाली असती, "फरीदा, रिझल्टच्या दिवशीपण एवढी गर्दी नसते गं." आता तिचं वाक्यसुद्धा मलाच बोलावं लागून राहिलंय. एक मिनिट द्या मला.

पाणी नको. बोलते.

माझ्या आधी जे बोलले ते म्हणाले, शैला मॅडम लई साध्या होत्या. मुलांवर आईसारखी माया करायच्या. दाजींना खंबीर साथ दिली. बाई गेली की आपल्याकडं हे ठरलेलंच असतं. सर गेले की त्यांची विद्वत्ता आठवते, मॅडम गेली की तिची पुरणपोळी. अहो, शैलाची पोळी तव्यावरच फुटायची! दाजी हसून राहिलेत बघा, विचारा त्यांना. आणि साधी? साधीबिधी काही नव्हती ती. ती फिजिक्स शिकवायची, विज्ञानकथा लिहायची, आणि दोन्हीकडं भांडायची.

मी बॉटनी शिकवते. आम्ही दोघी या क्लासला एकदमच लागलो, तेव्हा हा क्लास पत्र्याखाली भरायचा. तिलाही बायोलॉजीच देऊ केली होती. फिजिक्सला सरच लागतात, मॅडमकडं पालक पोरं पाठवत नाहीत, असं सांगितलं. ती म्हणाली, "एक तास घेऊ द्या. पोरं उठून गेली तर मीपण जाते." पोरं गेली नाहीत. बेल झाली तरी बसून राहिली.

ही जिद्द कुठून आली, ते सांगते. तिचं गाव निलंग्याच्या पुढं. भूकंप झाला तेव्हा ती इथं लातुरात कॉलेजला होती. मिळेल त्या गाडीनं गावी पोहोचली. आई ढिगाऱ्याशेजारी बसलेली, अंगभर माती, आणि एकच सांगून राहिली होती, "धाकटी माजघरात न्हाई. मागच्या खोलीत झोपली हाय." मदतीला आलेली माणसं चांगली होती, जीव तोडून उपसत होती. पण ती माणसं म्हणाली, बाई भेदरलीय, बरळून राहिलीय. त्यांनी माजघर उपसलं. मागच्या खोलीकडं वळले तोवर धाकटी गेली होती.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहून शैलानं पहिली कथा लिहिली. ढिगाऱ्याखालची माणसं शोधणाऱ्या यंत्राची. ते यंत्र आधी घरातल्या बायांना विचारतं, रात्री कोण कुठं झोपलं होतं? आणि त्या सांगतील ते खरं धरून कामाला लागतं. यंत्र बनवणारी गिरिजा नावाची इंजिनिअर. संपादक म्हणाले, कथा झकास आहे, फक्त गिरिजाच्या जागी पुरुष घ्या, वाचकाला पटलं पाहिजे. शैलानं विचारलं, "यंत्र माणसासारखं बोलतं, हे वाचकाला पटतं. बाईनं ते बनवलं, तेवढंच पटत नाही का?" कथा उचलली आणि घरी आली. नंतर नांदेडच्या एका छोट्या दिवाळी अंकानं छापली. गिरिजासकट.

आता आपल्या क्लासच्या यंत्राबद्दल. मुकुंद सर, मान खाली घालू नका. क्लास तुमचा आहे, म्हणून तुम्हालाच सांगून राहिले.

क्लासनं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आणलं. पोरांनी मोबाइलवर डाउट विचारायचा, यंत्र समजावून सांगणार. त्याला फिजिक्स कुणी शिकवलं? शैलानं. तिचे तास त्यात घातले, तिची उत्तरं घातली. कापसाच्या बैलगाडीवरून घर्षण सांगतं ना ते, हदगावच्या पोरांना लगेच कळतं, ते उदाहरण तिचं. आजारी पडली तरी उशीला टेकून त्याच्या चुका काढत बसायची. यंत्र तयार झालं. त्याचं नाव काय ठेवलं? सर. आवाज पुरुषाचा, भारदस्त. आणि चौकशीसाठी दुसरा आवाज बसवला, तो बाईचा, गोड. मेस कुठं, बॅच कधी, हे सांगायला.

माहूरची आपली एक विद्यार्थिनी आहे. तिनं सवयीनं मोबाइलला म्हटलं, "मॅडम, डाउट आहे." तर तो गोड आवाज बोलला, "होस्टेलच्या माहितीसाठी एक दाबा."

मी दवाखान्यात जाऊन हे शैलाला सांगितलं. ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "आईला कुणी विचारलं न्हाई. आता यंत्रालापण तेच शिकवून ठेवलं बघ. फरीदा, एवढं बदलून घे. माझा आवाज नको, कुण्याबी बाईचा चालेल. पण पोरीनं मॅडम म्हटलं की फिजिक्स सांगितलं पाहिजे त्यानं."

मी म्हटलं, "हाव, बदलून घेते." तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं.

मुकुंद सर, मी तुमच्याकडं आले. तुम्ही म्हणालात, भावना समजतात मॅडम, पण पालकांचा सरांच्या आवाजावर विश्वास असतो. पालक इथंच बसलेत. विचारा ना! तुमच्या पोरीला या बाईनं फिजिक्स शिकवलं, तेव्हा कुठं कमी पडलं का?

आणि उद्या या हॉलला तिचं नाव देणार म्हणे. भिंतीला नाव नको, सर. भिंतींचं काय होतं, ते या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. तिनं जे घडवलं त्याला तिचं नाव द्या. नाही दिलं तर मी रोज तुमच्या दारात आहे. मला राग येतो, तो मी आवरणार नाही. मैत्रीण गेलीय माझी.

आता मौन. रिवाज आहे, पाळू या. पण आज मौन पुरुषांनी पाळायचं. दाजी, तुम्हीपण. शैलासाठी एवढं करा.

पोरींनो, तुम्ही उभ्या राहा. मोबाइल काढा, ते यंत्र चालू करा. तिच्या फोटोकडं बघा आणि एका आवाजात बोला. ते होस्टेलचं सांगेल, सांगू द्या. पुन्हा बोला. ते फिजिक्स सांगेपर्यंत बोलत राहा. हाच तिला आपला शेवटचा नमस्कार.

चला, माझ्यामागून म्हणा. मॅडम, डाउट आहे.