आधी फोम

हॅलो?... हं, ताई, बोल. ओळखलं का यंत्राने नव्या कॉम्प्युटरला?... कोरलंसुद्धा? बघ! जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा केवढी घाबरली होतीस... अगं, एक लायब्ररी तर नव्या सिस्टीमवर न्यायची होती... लायब्ररी गं! मापं वाचून यंत्राला कोरायला सांगणारी फाइल. प्रोग्रॅम तिला लागेल तेव्हा बोलावून घेतो...

हो, हो... अगं ऐक ना... काय? कृत्रिम पायाचा साचा छत्रीच्या दांड्याएवढा?... ठोकळा वाया गेला?... नाही? आधी स्वस्तातल्या फोमवर कोरून पाहिलंस? बरं केलंस... हो, मीच म्हणाले होते, फोमचे चोचले कशाला, थेट ठोकळा लाव. म्हणाले, बाई, म्हणाले! पुढे?

पोस्टवाल्या काकू पाय बसवायला आजच येणार?... सोमवारी कामावर रुजू? आणि ठोकळा एकच उरलाय... होईल. होईल म्हणते ना!

यंत्राला काय मापं मिळाली, वाच... लांबी बरोबर... घेर शून्य?... आणि उताराच्या जागी घेराचा आकडा? वा! सापडलं!... अगं, आनंद तुझ्या दांड्याचा नाही, चूक कळल्याचा! जुन्या सिस्टीमवर एक आकडा मेमरीच्या चार घरांत बसायचा. नवी त्याला आठ घरं देते. माझी लायब्ररी अजून चारच घरं मोजून पुढचा आकडा उचलतेय... हो, म्हणून मधली रिकामी घरं घेर समजून वाचली... नाही, यंत्र बिचारं निर्दोष. मीच आकड्याचं माप ठरवून द्यायला विसरले.

थांब, फोन ठेवू नकोस... बदललं... नवी फाइल तयार होतेय... झाली. पाठवली. आली?... जुनी काढ, तिथेच ही ठेव. आता प्रोग्रॅम बंद करून चालू कर, नाहीतर तो जुनीच धरून बसेल... वाच... लांबी... घेर... उतार... तंतोतंत!

काय, ठोकळा लावतेस?... ए, थांब! फोमचा तुकडा आहे ना अजून?... मग आधी फोम... हस, हस... हो, मीच म्हणतेय... ऐकू येतंय मला, फिरू दे...

थांबलं? टेप लाव... वरचा घेर?... खालचा?... बरोब्बर?

मग आता लाव ठोकळा. आणि काकू आल्या की सांग, सोमवारी टपाल वेळेवर हवंय म्हणावं. ठेवते.