खाज सुटली का, गजू?

आमचं माहेर कळंबकडचं, बाप गाड्याची चाकं बांधे, आमी दोघंच, मी बेबी मोठी अन् गजू धाकटा. लगन झालं तशी मी वणीले आली, फॉल-पिकोची मशीन टाकली, गजू गावातच राह्यला, लोकायच्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करते, थोडं वावर हाय. बसा सर, तुमच्या घरच्या साडीचा फॉल होतेच, तवर काय सांगू तुम्हाले, त्याले रक्ताचा कॅन्सर निघाला तवा माह्याच बोनमॅरोच्या पेशी जुळल्या, नागपूरले ट्रान्सप्लांटसाठी देल्या, मंग त्याचा रक्तगटबी माह्यावालाच झाला. तर मले म्हणे, बाई, आता माह्यं तोंड तुह्यावानी चालते का, तेवढंच पाहाचं राह्यलं. आमी पेढे वाटले, झालं म्हटलं, सुटलो.

वर्ष नाई झालं अन् बिमारी वापस आली. मले वाटलं माह्यं रक्तच कच्चं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणे, तुमचा काई दोष नाई, रडू नका, ऐका. पुन्हा पुरं ट्रान्सप्लांट करता येते, पण इतक्या लवकर ह्याच्या शरीराले झेपणार नाई. मुंबईले नव्या औषधाची चाचणी असते, घेतीलच असं नाई. काईच नको तर त्रास कमी करणारं औषध घरी. नाईतर किमोनं बिमारी दाबू अन् बहिणीच्या पांढऱ्या पेशी पुन्हा सोडू, त्या बिमारीसंगं भांडतील, पण खात्री कशाचीच नाई. गजू म्हणे, भांडायचंच असन तर बाईच्याच सोडा, मी लहानपणापासून पाहून राह्यलो.

पेशी सोडल्या. डॉक्टरीणबाई म्हणे, आता अंगावर लाल पुरळ आलं, खाज सुटली तर लगेच दाखवा, थोडी असली तर पेशी कामाले लागल्याची खूण राहू शकते, पण वाढली, जुलाब लागले, डोळे पिवळे झाले, तर तेच जिवावर येते. म्हणजे पाहा सर, खाज यावी म्हणावं का येऊ नये म्हणावं!

औंदा भाव पडला, साऱ्यायनं कापूस घरातच भरून ठेवला, गजूच्या घरी तर खाटेखालीबी कापूस, त्यातल्या किड्यायनं सारं गाव खाजवून राह्यलं. म्हणून त्याले मी माह्याकडं ठेवला. सकायी उठली का पुसाचं, खाज सुटली का? तो म्हणे, नाई बाई, तुह्या पेशी झोपल्या वाटते. मले चैनच नाई, मशीनवर बसली का उठाचं, उठली का बसाचं, एका बाईचा फॉल उलटाच लावला.

अन् परवा मी बाजारात गेलती, तर हा यष्टीत बसून गावाले गेला, रातभर कापसावर झोपला, दुसऱ्या दिवशी खाजवत वापस. काहून गेलता रे, म्हटलं. म्हणे, माही पोरगी फोनवर रडे. अरे पण आता ही खाज माही का कापसाची, कसं समजन? त्यानं तळहात पुढं केले, लालभडक. मी सुनंदाले, त्याच्या बायकोले, फोन लावला, तुमाले कुठं खाजवते वो? म्हणे, मानेले अन् कंबरेले. तळहाताले? तळहाताले तर कोणालेच नाई बाई.

लागलीच नागपूर गाठलं. कातडीचा तुकडा घेतला, रक्त घेतलं, रिपोर्ट यायचा हाय, तवर डॉक्टरीणबाई हो म्हणत नाई का नाई म्हणत नाई.

आता आतल्या खोलीत निजला हाय. तुमाले ऐकू येते का सर, कर्र कर्र? मी मशीन थांबवून तेच ऐकत राहते. खाज एवढीच राहू दे रे देवा, याच्याहून जास्त नको. खाजव माह्या राजा, पण हळू.