दोन दिवसांचे कपडे

मी, वय एक्केचाळीस, धंदा टीव्ही मालिकांचे लेखन, राहणार बाजारामागील इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वडिलांसोबत, आज दुपारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, साहेबांनी विचारल्यावरून सांगते की,

घरात मी आणि माझे वडील असे दोघेच राहतो. आई नाही. वडिलांचे वय चौऱ्याहत्तर असून ते कारखान्यात फिटर होते. त्यांना रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे. सकाळची गोळी चुकली तर त्यांना चक्कर येते. मागे एकदा ते जिन्यात पडले होते.

मी गुन्हेगारी मालिकेसाठी सीन लिहिते. आज सकाळी न्याहारी न करताच मी कामासाठी घराबाहेर पडले. वडील तेव्हा गॅलरीत नळाचा वायसर बदलत होते. आमच्यात काही बोलणे झाले नाही. माझा मोबाइल मी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता, तो घरीच राहिला. दुपारी परत आले तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होते. माझ्याजवळच्या किल्लीने उघडून आत गेले. वडील नव्हते. त्यांचे दोन शर्ट, दोन पँट, टॉवेल, दाढीचे सामान आणि कापडी पिशवी नव्हती. झाकून ठेवलेली न्याहारी तशीच होती. गोळ्यांची डबी टेबलावर होती आणि आजच्या सकाळच्या खणातली गोळी आतच होती. ती पाहून मी डबी हातात घेऊन तशीच शेजारी धावले. (लिहून घेणाऱ्या हवालदारांनी येथे "मी चिंताग्रस्त झाले" असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले.)

शेजारी विचारले. कुणी त्यांना जाताना पाहिले नाही. आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, तो माझ्याकडे कशाला येईल? मागच्या वेळी पंख्यावरून भांडून गेलाय." वडील स्वतः मोबाइल वापरत नाहीत. त्यांच्या मते घरात एक पुरे. माझा मोबाइल टेबलावर बंद होऊन पडला होता. मला वाटले चार्जिंग नीट झाले नसेल. आत्याला फोन शेजारच्यांच्या मोबाइलवरून केला. माझा मोबाइल आणि गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकून मी इथे आले.

साहेबांनी घरात काही वाद झाला होता का असे विचारले. झाला होता. सात-आठ दिवसांपूर्वी. मी लिहिलेला प्रत्येक सीन आधी वडिलांना वाचून दाखवते, अशी पद्धत आहे. त्या दिवशी अपहरणाचा एक प्रसंग वाचला. ते म्हणाले, "तुझ्या सीनमधला बाप नुसता रडतो. मुलीला उचलून नेलंय आणि हा खुर्चीत बसून रडतोय! बाप असा नसतो." मी म्हणाले, "बाबा, टीव्हीतलं तुम्हाला काय कळतं? तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" ते म्हणाले, "गेलो असतो." मी हसले. त्यांना ते हसणे लागले. त्यानंतर मी एकही सीन त्यांना वाचून दाखवला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. घरात चहा घ्या, दार लावा, एवढेच बोलणे चालू होते.

यावरून साहेबांनी, वडील रागावून घर सोडून गेले असावेत, असे मत दिले व हवालदारांनी ते लिहिले. कपडे नेले आहेत म्हणजे येतील दोन दिवसांनी, असेही ते म्हणाले. मी हो म्हणाले, कारण मलाही तेच वाटले आणि त्याची लाज वाटली.

साहेबांनी वडिलांचा फोटो मागितला. फोटो मोबाइलमध्ये होता म्हणून तो चालू केला. चार्जिंग पूर्ण होते. म्हणजे तो कुणीतरी मुद्दाम बंद केला होता. एवढ्यात आमच्या मालिकेतल्या नटाचा निरोप आला. त्याला गुंडांचीच कामे मिळतात म्हणून सगळे डाकू म्हणतात. स्वभावाने गरीब आहे, डास मारतानाही बिचकतो. निरोप असा होता: "हे काका कुठून शोधलेस? काय काम केलंय! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कपड्यांचं वाक्य तुझं की त्यांचं? तुझं असेल तर पाय धरतो."

निरोप वाचून मी मोबाइल साहेबांपुढे ठेवला. साहेबांना काय झाले ते नीट कळावे म्हणून कामाची पद्धत सांगते.

चॅनेलच्या बाईंची तक्रार होती की आमच्या मालिकेत पोलिसांना माणूस फार लवकर सापडतो. म्हणून नवा सीन लिहिण्यापूर्वी मी एका निवृत्त फौजदारांना भेटले. ते म्हणाले, "धमकी देणारा आधी माणसाला एकटा पाडतो. कुणाशी बोलू देत नाही, फोन बंद करायला लावतो, नेहमीच्या रस्त्यानं येऊ देत नाही." ते सगळे मी सीनमध्ये घातले. फोन बंद करा, मागच्या जिन्याने उतरा, पोलीस दिसले तर पोरगी दिसणार नाही. जागा म्हणून बाजारापलीकडची अर्धवट राहिलेली वाहनतळाची इमारत ठरवली. कॅमेरा कुठे लागेल, माणूस कुठे लपेल, हे पाहायला मी गेले दहा-बारा दिवस रोज तिथे जात होते. आज सकाळीही तिथेच होते. बाप कुणालाही सापडू नये अशी ती योजना होती. मला तिचा अभिमान होता.

साहेबांनी विचारले, "मग तुमच्या सीनमधे पोलीस त्याला शोधतात कसे?" मी सांगितले की ते मला अजून सुचलेले नाही.

फोनवरचा सीन आम्ही समोरासमोर बसून वाचत नाही. खऱ्या फोनवरच करून पाहतो, कारण फोनवर माणूस वाक्ये अर्धी सोडतो. ज्याला फोन येतो तो बेसावध हवा म्हणून वेळ ठरवत नाही. आणि कुणीतरी "कट" म्हटल्याशिवाय कुणी भूमिकेतून बाहेर यायचे नाही. हे नियम माझे आहेत. त्याप्रमाणे आज डाकूने माझ्या मोबाइलवर फोन करायचा आणि बापाची वाक्ये मी बोलायची, असे होते. तो उशिरा उठतो, दुपारच्या आत काही फोन करत नाही, या भरवशावर मी मोबाइल घरी राहू दिला. बापाच्या भूमिकेसाठी कुणी वयस्कर नट मिळतो का बघते, असेही मी त्याला म्हणाले होते. आज तो लवकर उठला. फोन वडिलांनी घेतला. पलीकडून म्हातारा आवाज आल्यावर डाकूला वाटले, मिळाला नट. वडिलांना "कट" हा शब्द माहीत असण्याचे कारणच नव्हते.

डाकूला ठाण्यात बोलावून घेतले. तो तालमीचे सगळे फोन रेकॉर्ड करतो. ते रेकॉर्डिंग साहेबांसमोर ऐकवण्यात आले. त्यातले बोलणे येणेप्रमाणे:

डाकू: "तुमची पोरगी आमच्याकडं आहे."

वडील: "कोण बोलतंय?"

डाकू: "आवाज चढवायचा नाही. कुणाला सांगितलं, पोलीस दिसले, तर पोरगी दिसणार नाही."

यानंतर आमच्या गॅलरीतला नळ गळताना ऐकू येतो.

वडील: "ती ठीक आहे ना? काही खाऊन गेली नाही ती."

डाकू: "ठीक राहील. आता नीट ऐका, काय आणायचं ते—"

वडील: "माझ्याकडं फार काही नाही हो. पण तिला कशाला ठेवता? तिला सोडा, मला ठेवा. मी म्हातारा माणूस, त्रास देणार नाही."

हे वाक्य सीनमध्ये नव्हते. डाकूचे म्हणणे असे की त्याच्या हातातल्या कागदावर पुढे रकमेचे बोलणे होते, पण समोरचा नट एवढे सुंदर बोलल्यावर रकमेचे बोलणे भिकार वाटले असते. म्हणून त्याने स्वतःच्या मनाने पुढचे वाक्य टाकले.

डाकू: "या मग. जागा तुम्हाला ठाऊक आहे."

वडील: "हो. सांगत होतो तिला, त्या पडीक इमारतीत जात जाऊ नको म्हणून. ऐकत नाही कुणाचं." आणि मग, "किती दिवसांचे कपडे आणू?"

डाकू: "दोन... दोन दिवसांचे. फोन बंद करा. मागच्या जिन्यानं या."

वडील: "आलो."

रेकॉर्डिंग संपल्यावर डाकू खुर्चीत बसून रडू लागला व मला मारा म्हणू लागला. त्याला पाणी देण्यात आले. मला पाणी विचारले, मी नको म्हणाले.

साहेबांनी लगेच दोन शिपायांना वाहनतळाच्या इमारतीकडे पाठवले. मीही निघाले होते, पण साहेबांनी थांबवले. त्या इमारतीला कठडे नाहीत आणि वरच्या मजल्यांवर जिना अर्धाच आहे, हे मीच त्यांना सांगितले होते. मी तिथून निघून बाजारातून भाजी घेत परत आले, त्या वेळात वडील दुसऱ्या बाजूने तिथे गेले असावेत. गोळी न घेता, उपाशीपोटी, आणि इमारत चार मजल्यांची. साहेब म्हणाले, जबाब पुरा करा, तेवढाच वेळ जाईल. त्याप्रमाणे वरील मजकूर सांगितला. दारात कुणी आले की मी थांबत होते, म्हणून हवालदारांना काही वाक्ये पुन्हा विचारावी लागली.

त्यानंतर शिपायांचा फोन आला. वडील दुसऱ्या मजल्यावर खांबाला टेकून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले सापडले. पण ते उठायला तयार नव्हते. शिपायांना पाहून ते हात जोडून, जा, लवकर जा, मी तुम्हाला बोलावलेलं नाही, तिच्या जिवावर बेतेल, असे म्हणत कडेकडे सरकत होते. शिपाई जवळ जायला घाबरत होते. साहेबांनी फोन माझ्याकडे दिला आणि पलीकडे शिपायाने तो जमिनीवरून वडिलांकडे सरकवला.

मी म्हणाले, "बाबा, मी बोलतेय. मी सुखरूप आहे. पोलीस ठाण्यात आहे. ते सगळं खोटं होतं."

वडील म्हणाले, "हो, हो. असंच बोलायला लावलंय ना त्यांनी? घाबरू नको. मी आलोय."

संवाद लिहिणे हाच माझा धंदा आहे. पण मुलगी सुखरूप आहे असे सांगणारे जे जे वाक्य मनात आले, ते ते धाकात ठेवलेल्या मुलीच्या तोंडी मी आजवर कुठे ना कुठे घातलेले होते. फोनमध्ये वारा ऐकू येत होता. मला फार भीती वाटली आणि त्या भीतीचाच मला राग आला. मी जे ओरडले ते हवालदारांनी ऐकले आहे, म्हणून लपवत नाही.

"बाबा, दाढीचं सामान आठवणीनं नेलंत आणि गोळ्या टेबलावर ठेवून गेलात! किती वेळा सांगायचं तुम्हाला? न्याहारीला हात लावला नाहीत, निघाले मोठे! हे काय वय आहे असं वागायचं?"

पलीकडे पिशवी उचलल्याचा आवाज झाला. मग वडील म्हणाले, "ओरडतेस कशाला? येतोय ना."

त्यांना चक्कर येत होती, म्हणून शिपायांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवले. ठाण्यात आणल्यावर गोळी व बिस्किटे दिली. पिशवीत दोन जोड कपडे, टॉवेल, दाढीचे सामान, आणि मी न खाता गेले म्हणून माझ्यासाठी दोन केळी होती. ती दबून काळी पडली होती. त्यांतले एक मी खाल्ले.

माझी डाकूविरुद्ध तक्रार नाही. फोनवर तालीम करण्याची पद्धत यापुढे बंद करीत आहे. वर "वडील रागावून घर सोडून गेले असावेत" असे जे लिहिले आहे ते खोडावे. ते गेले होते, पण रागावून नाही.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. वडील शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते. खूप दिवसांनी त्यांनी माझे काही ऐकले. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे म्हणून खाली सही करते. वडिलांची एकच हरकत आहे. कपड्यांचे विचारताना त्यांचा आवाज सर्दीमुळे तसा येत होता, ते रडत नव्हते, अशी नोंद घ्यावी असे त्यांचे म्हणणे आहे. त्याप्रमाणे नोंद घेतली. खात्री करण्यासाठी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवू का, असे साहेबांनी विचारले. आम्ही दोघेही नको म्हणालो.