अनुस्वारकाकांची बसणारी गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मुद्रणालयाचे मालक, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे शब्दकोशाचे संपादक महोदय, सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आमचे मुद्रितशोधक काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि यंत्रखाना, जुळणी, बांधणी अशा सगळ्या विभागांतून हात धुऊन, आणि काही जण न धुताच, वर आलेले माझे सहकारी बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मी बांधणी विभागातली. पुस्तकाची पाठ सरळ ठेवणं हे माझं काम, बोलणं हे माझं काम नाही. पण मालकांनी सांगितलं, "काकांबद्दल तूच बोल, त्यांच्या गाडीत सगळ्यांत जास्त तू बसली आहेस." आता, सत्कार माणसाचा आणि ओळख गाडीवरून, हे शोभतं का? मी बराच विचार केला. मग लक्षात आलं की गाडी वगळून काकांबद्दल बोलायचं तर भाषण दोन मिनिटांत संपेल, कारण ऑफिसात ते बोलतातच कुठे?

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या काकांना इथे सगळे अनुस्वारकाका म्हणतात. एखादा अनुस्वार गळलेला दिसला की यांना जेवण जात नाही. असा हा काटेकोर माणूस. आणि याची गाडी कशी? जिच्यात एक गोष्ट जागेवर नाही अशी.

गाडी फ्रेंच. काकांचे एक प्राध्यापक मित्र कायमचे परदेशी निघाले, तेव्हा जाताना ती यांच्या गळ्यात घालून गेले. या गाडीला इतर गाड्यांसारख्या स्प्रिंगा नाहीत. ती तेलाच्या आणि हवेच्या दाबावर उभी राहते. इंजिन बंद केलं की दाब उतरतो आणि गाडी हळूहळू जमिनीवर बसते. अगदी पोट टेकवून. सकाळी चालू केली की आधी मागचा भाग उठणार, मग पुढचा, गाय उठते तशी. तोवर आत बसलेल्यांनी गप्प बसून राहायचं. काकू तिला गाडी म्हणत नाहीत, पाहुणी म्हणतात. "पाहुणी उठली का? मग निघू या." संपादक महोदय, आपणही आजचे पाहुणे आहात, कृपया गैरसमज नसावा.

स्टिअरिंगला एकच दांडी. वळून झाल्यावर इंडिकेटर आपणहून बंद होत नाही, तो आपण आठवणीने बंद करायचा. ब्रेकच्या जागी पायाशी एक रबरी गोळा आहे, त्याला नुसता पाय लागला तरी गाडी जागच्या जागी उभी. काकांना त्याची सवय होईपर्यंत काकूंनी पुढच्या सीटवर बसणं सोडलं होतं. काच खाली करायचं बटण एकदा माझ्या हातात आलं. मी घाबरून काकांकडे बघितलं, तर ते म्हणाले, "कप्प्यात ठेव, तिथे अजून आहेत." उघडून बघते तर खरंच, कप्पाभर बटणं.

हे दुःख काकांचं एकट्याचं नव्हतं. अध्यक्षमहाराज, रागावू नका, पण आपल्याकडेही तेव्हा एक इटालियन गाडी होती, जी डावीकडे वळली की स्वतःच हॉर्न वाजवायची. चहाच्या वेळी मालक आणि मुद्रितशोधक खिडकीशी उभे राहून एकमेकांना आपापल्या गाडीचं दुखणं सांगायचे. बाकी कुठल्याही विषयावर त्यांचं एकमत झालेलं आम्ही पाहिलं नाही. मालक शेवटी ती गाडी विकून मोकळे झाले. काकांनी मात्र फ्रेंच शब्दकोश आणला, गाडीचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, आणि त्यात त्यांना छपाईच्या चुका सापडल्या. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

पण मी बांधणीवाली आहे, तेव्हा शिलाईबद्दल खरं तेच सांगणार. त्या गाडीच्या सीटची एक शिवण इतक्या वर्षांत उसवलेली नाही. टाका एकसारखा, दोरा आत दडवलेला. ज्याने कोणी ते शिवलं, त्याला माझा नमस्कार. आणि त्याच कारखान्यात छताचं कापड ज्याने चिकटवलं, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते कापड एका उन्हाळ्यात सुटलं आणि काकांच्या डोक्यावर येऊन बसलं. काका कित्येक दिवस एका हाताने छत वर धरून गाडी चालवत होते. शेवटी मलाच बघवेना. मी सगळं जुनं कापड खरवडून काढलं आणि शब्दकोशाच्या बांधणीतून उरलेलं लाल कापड आतून लावून दिलं. संपादक महोदय, आपल्या कोशाच्या पुठ्ठ्याचा जो रंग आहे, तोच काकांच्या गाडीच्या छताचा आहे. आपल्याला हे आज प्रथमच कळत असेल.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझे बाबा याच मुद्रणालयात मशीनमन होते. नव्या मंडळींनी त्यांना पाहिलेलं नाही. बाबा आणि काका, दोघं एकाच वेळी इथे कामाला होते. आणि दोघांत बोलणं नव्हतं.

कारण ऐका. चित्रकारांसाठी एक पुस्तक छापायचं होतं, 'रंगविद्या'. बाबांनी शाई बसवली, कागद बसवला, मशीन छान लयीत आलं. तेवढ्यात काका वरून धावत आले आणि त्यांनी सरळ जाऊन मशीनचं लाल बटण दाबलं. मुखपृष्ठावर अनुस्वार उडाला होता. पुस्तकाचं नाव झालं होतं 'रगविद्या'. बाबा म्हणाले, "वाचणाऱ्याला कळतं." काका म्हणाले, "कळतं म्हणून चुकीचं छापायचं का?" झालं. त्या दिवसापासून बाबांनी काकांशी एक शब्द काढला नाही. निवृत्त होतानाही नाही. घरी काकांचा विषय निघाला की म्हणायचे, "तो? माझं मशीन थांबवणारा."

पुढे बाबा घरातच पडले आणि पाठीच्या मणक्याला मार बसला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णवाहिकेतून घरी आणलं, त्या प्रवासात रस्त्यातला एकेक खड्डा त्यांच्या पाठीत शिरत होता. हा माणूस मशीनवर बोट चेंगरलं तरी आवाज न करणारा. त्या दिवशी ओठ चावून रक्त काढलं त्यांनी. घरी आल्यावर मला म्हणाले, "आता मला या खोलीतून कुठेही हलवायचं नाही." आणि नाहीच हलले. खिडकी, पंखा, आणि मी. तेवढंच त्यांचं जग.

माझी आत्या, म्हणजे बाबांची एकुलती एक धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहते. गुडघे गेल्यामुळे तिला येता येईना. त्यात तिची नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं, जे राहिलं आहे तेही फार दिवस राहणार नाही. तिने मला फोनवर सांगितलं, "दादाला काही कळवू नकोस. पण डोळे आहेत तोवर एकदा त्याला बघायचं होतं गं."

मी दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि शिलाई करता करता मला रडू आलं. काका प्रुफं घेऊन शेजारून चालले होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी ना धीर दिला, ना उपदेश केला. एवढंच म्हणाले, "तिकडचा रस्ता कसा आहे?"

"फार वाईट आहे," मी म्हटलं.

"रविवारी येतो."

घरी बाबांना सांगितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याच्या गाडीत? मी मेलो तरी बसणार नाही." मग मी आत्याने सांगू नकोस म्हटलेलं सगळं सांगून टाकलं. तेव्हा बाबांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. म्हणाले, "माझा निळा सदरा धुतलेला आहे का?"

रविवारी गाडी दाराशी आली आणि सवयीप्रमाणे जमिनीला टेकली. आणि पहिल्यांदा मला त्या बसण्याचा अर्थ कळला. पुढची सीट पूर्ण मागे पाडली की मागच्या सीटला जाऊन टेकायची, पलंगच तयार. शेजाऱ्यांनी बाबांना चादरीत धरून आणलं आणि उचलावं न लागता अलगद आत सरकवलं. मी मागे, काका चालवायला. इंजिन सुरू झालं, गाडी सावकाश वर आली, आणि वरचं लाल छत बघत पडलेले बाबा मला म्हणाले, "हे कापड आपल्याकडचं आहे." बस. काकांशी बोलणं नाहीच.

गावाबाहेर पडल्यावर खड्डे सुरू झाले. बाबांनी डोळे गच्च मिटले, माझा हात धरला. आम्ही वाट बघतोय, आता धक्का बसेल, आता बसेल. गाडी नुसती होडीसारखी डुलत होती. बऱ्याच वेळाने बाबांनी एक डोळा उघडला. मला विचारलं, "खड्डे लागायचेत का अजून?"

मी म्हटलं, "बाबा, संपत आले."

त्यांनी माझा हात सोडला आणि मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले. इतक्या महिन्यांनी त्यांनी झाडं पाहिली. माणसं, दुकानांच्या पाट्या, सगळं पाहिलं. पाट्या मोठ्याने वाचत होते.

आणि एका रोपवाटिकेसमोर फुस्स असा आवाज झाला. रस्त्यावर मागे हिरव्या तेलाची धार, आणि गाडी दमलेल्या माणसासारखी खाली बसली. काका उतरले, बॉनेट उघडलं. मी देवाचं नाव घेतलं. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "पंप गेलाय त्याचा. सांग त्याला." मी सांगितलं. काका म्हणाले, "पंप नाही, रबरी नळी सुटलीय. सांग त्यांना." असं दोघांचं माझ्यामार्फत चाललं. मग बाबांना राहवेना. त्यांनी पडल्या पडल्याच खिडकीकडे तोंड केलं आणि इतक्या वर्षांचा अबोला मोडून मोठ्याने म्हणाले,

"थांबलं ना रे तुझं मशीन? कसं वाटतं बघ आता."

मला वाटलं, झालं, आता इथेच भांडण. तर काका हसायला लागले. हसता हसता त्यांचा चष्मा इंजिनात पडला. चष्मा शोधून, पुसून ते बाबांच्या खिडकीशी आले, हात कोपरापर्यंत हिरवे.

"वाईट वाटतं," काका म्हणाले. "पण रगविद्या नाव तसंच छापायला नको होतं."

"नकोच होतं," बाबा म्हणाले. "मला सांगितलं असतंस तर मीच बंद केलं असतं. माझ्या मशीनला तू हात लावलास."

काका तिथेच उभे राहिले. म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस का कधी?"

"नाही विचारलं. ते माझं चुकलं."

मंडळी, आमच्या काकांनी 'माझं चुकलं' म्हटलेलं या इमारतीत कोणी ऐकलं आहे का? मी ऐकलं, रोपवाटिकेसमोर. नळी होती, हे जाता जाता सांगते, पंप नव्हता. डिकीत नळीचा तुकडा, पकड आणि तेलाचा डबा कायमचे ठेवलेले असतात. काकांनी नळी बसवली, ती चुकीची बसवली आहे असं बाबांनी त्यांना सांगितलं, आणि गाडी उठली. पुढचा सगळा रस्ता दोघं एक मिनिटही गप्प बसले नाहीत.

आत्या दाराच्या पायरीवर वाट बघत बसली होती. काकांनी गाडी पायरीला अगदी लगटून लावली आणि इंजिन बंद केलं. गाडी खाली खाली गेली आणि बाबांचा चेहरा बरोबर आत्याच्या चेहऱ्यासमोर येऊन थांबला. आत्याला जवळचंच दिसायचं. तिने दोन्ही हातांत त्यांचं तोंड धरलं, उजेडाकडे वळवलं, आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, तुझे कान किती मोठे झाले रे."

बाबा म्हणाले, "दिसतात ना तुला? मग आलो ते बरं झालं."

काका तेव्हा लांब जाऊन उगीच गाडीचं चाक बघत उभे होते. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

आता आत्याला दिसत नाही. पण ती फोनवर सगळ्यांना सांगते, शेवटचं नीट बघितलं ते दादाला. आणि बाबा? त्या रविवारनंतर काका दर रविवारी येत राहिले, बाबांना फिरवून आणत राहिले, आणि दोघं दर रविवारी भांडत राहिले. आज बाबांना हा जिना चढवणं जमलं नाही. ते खाली अंगणात गाडीत पडून आहेत. एक कर्णा आम्ही मुद्दाम खिडकीतून तिकडे वळवला आहे. मी काय चुकीचं सांगितलं ते मला घरी जाताना कळेलच.

काका आता मुलीकडे राहायला जाणार. तिथे गाडी ठेवायला जागा नाही. एका शौकिनांनी ती मागितली होती, काचेच्या दालनात ठेवायला. काका म्हणाले, "उभी ठेवली की ती बसते." मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, "तू शिकशील का चालवायला?" या वयात मला हे विचारणारा माणूस एकतर वेडा असावा नाहीतर काका. मी शिकले. रबरी गोळ्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा काकूंची पिशवी समोरच्या काचेवर जाऊन आपटली, तरी काकूंनी मला पुन्हा संधी दिली, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार. आज इथून निघताना गाडी मी चालवणार आहे, आणि काका पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसणार आहेत.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलायची संधी दिली, संपादक महोदयांनी वेळात वेळ काढला, आणि आपण सगळ्यांनी बांधणीवालीचं हे लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, तर ते पोटात घाला. हे भाषण मी आधी कोणाकडूनही तपासून घेतलेलं नाही. ज्यांच्याकडून घ्यायचं, त्यांचाच आज निरोप आहे. यापुढे आमच्या चुका आम्हालाच शोधाव्या लागतील.

नमस्कार.